लोखाचे संशोधन : वाढ-संप्रेरक, कर्करोग आणि मधुमेह यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दक्षिण अमेरिकेतील इक्वेडोर या देशाच्या दक्षिणेकडील लोखा प्रांतातील काही कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या अतिशय कमी उंचीची माणसे जन्माला येतात. त्यांच्यात मधुमेह आढळत नाही आणि कर्करोग जवळजवळ आढळत नाही. डॉ. हाइमे गेवारा-अगिरे यांनी अनेक दशके केलेला या कुटुंबांचा अभ्यास वृत्तपत्रांतून आणि समाजमाध्यमांतून मराठी वाचकांपर्यंत पोहोचला, पण बहुतेक वेळा ‘कर्करोग आणि मधुमेह टाळण्याचे रहस्य सापडले’ अशा थाटात. मूळ निबंधांत काय म्हटले आहे, त्यातून काय सिद्ध होते, काय होत नाही आणि मधुमेह असलेल्या माणसाने त्यातून काय घ्यावे, हे येथे प्रश्नोत्तरांच्या रूपाने दिले आहे. औषधोपचाराविषयीची उत्तरे माहितीपुरती आहेत. आपल्या औषधांत बदल आपल्या डॉक्टरांशी बोलूनच करावा.

हे संशोधन कोणाचे आहे आणि ते कधी सुरू झाले?

डॉ. गेवारा-अगिरे हे इक्वेडोरची राजधानी कितो येथील संप्रेरकतज्ज्ञ आहेत. देशाच्या दक्षिणेकडील लोखा या डोंगराळ प्रांतातील खेड्यांत अत्यंत ठेंगण्या व्यक्ती एकाच परिसरात मोठ्या संख्येने आहेत, हे १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांच्या लक्षात आले. अमेरिकेतील बालसंप्रेरकतज्ज्ञ आर्लन रोझेनब्लूम आणि इतर सहकाऱ्यांसह त्यांनी १९९० साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये पहिला मोठा निबंध प्रसिद्ध केला. त्यात वीस रुग्णांचे वर्णन होते आणि त्यांपैकी एकोणीस स्त्रिया होत्या. हे प्रमाण तेव्हा गूढ वाटले होते. पुढे शेजारच्या एल ओरो प्रांतात पुरुष रुग्णही पुरेशा संख्येने सापडले आणि ते गूढ बरेचसे ओसरले.

या अभ्यासाचे मूळ उद्दिष्ट कर्करोग किंवा मधुमेह हे नव्हतेच. मुलांची उंची का वाढत नाही आणि त्यावर काही उपाय करता येईल का, एवढाच प्रश्न होता. वर्षानुवर्षे त्याच घरांत जाऊन तीच माणसे तपासणाऱ्या डॉक्टरला हळूहळू जाणवू लागले की या मंडळींच्या नातेवाइकांना कर्करोग आणि मधुमेह होतात, यांना मात्र होत नाहीत. अशी निरीक्षणे एका भेटीत हाती लागत नाहीत. त्यांना दीर्घ सहवास लागतो. या संशोधनाचे खरे मोल मला तेथेच दिसते.

या माणसांना नेमका कोणता आजार आहे?

त्याला लारोन सिंड्रोम म्हणतात. इस्रायलमधील डॉ. झ्वी लारोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ साली येमेनी ज्यू कुटुंबातील भावंडांमध्ये त्याचे प्रथम वर्णन केले. ही मुले अतिशय ठेंगणी होती, पण त्यांच्या रक्तात वाढ-संप्रेरक, म्हणजे ग्रोथ हार्मोन, कमी नव्हते. उलट खूप जास्त होते.

कोडे असे सुटते. मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी वाढ-संप्रेरक तयार करते. ते रक्तातून यकृतापर्यंत जाते, तेथील पेशींवरच्या रिसेप्टरला, म्हणजे संप्रेरकाचा निरोप स्वीकारणाऱ्या प्रथिनाला, चिकटते आणि मग यकृत ‘आयजीएफ-१’ नावाचे दुसरे संप्रेरक रक्तात सोडते. हाडांची लांबी वाढवण्याचे बरेचसे काम हे आयजीएफ-१ करते. लारोन सिंड्रोममध्ये वाढ-संप्रेरकाचा रिसेप्टरच सदोष असतो. दारावर कोणीतरी सतत थाप मारत असावे आणि आतून उघडणारे कोणी नसावे, तशी ही अवस्था आहे. आयजीएफ-१ फारच कमी बनते, उंची खुंटते आणि पियुषिका मात्र अधिकाधिक वाढ-संप्रेरक सोडत राहते.

बहुतेक प्रौढ रुग्णांची उंची साडेतीन फुटांच्या आसपास असते. बुद्धी सर्वसाधारण असते.

जनुकात नेमके काय बिघडलेले असते?

वाढ-संप्रेरकाच्या रिसेप्टरचे जनुक पाचव्या गुणसूत्रावर आहे. लारोन सिंड्रोम घडवणारी अनेक उत्परिवर्तने, म्हणजे जनुकाच्या लेखनातील बदल, जगभर सापडली आहेत, परंतु लोखातील जवळजवळ सर्व रुग्णांत एकच उत्परिवर्तन आहे. ते ‘ई-१८०’ या नावाने ओळखले जाते आणि १९९२ साली प्रसिद्ध झाले. ते थोडे जवळून पाहण्यासारखे आहे.

प्रथिन तयार करताना जनुकातील तीन-तीन अक्षरांचा एकेक गट वाचला जातो आणि प्रत्येक गट एका अमिनो आम्लाची जागा ठरवतो. रिसेप्टरच्या जनुकात १८०व्या जागी ‘जीएए’ असे तीन अक्षरी लेखन असते. लोखातील रुग्णांत तेथे ‘जीएजी’ असते. या दोन्ही गटांचा अर्थ एकच आहे, ग्लुटामिक आम्ल. म्हणजे कागदावर पाहिले तर काहीच बिघडायला नको होते. पण जनुकाचा आराखडा वाचला जाण्यापूर्वी त्यातील नको असलेले भाग कापून उरलेले तुकडे जोडले जातात, आणि बदललेल्या त्या एका अक्षरामुळे कापणाऱ्या यंत्रणेला तेथेच कापण्याची खूण दिसते. कात्री चोवीस अक्षरे आधीच चालते. चोवीस अक्षरे म्हणजे आठ अमिनो आम्ले. ती रिसेप्टरमधून गळतात आणि रिसेप्टर निकामी होतो. अर्थ न बदलणारा बदल निरुपद्रवी असतो असे जनुकशास्त्राच्या प्राथमिक पाठात शिकवले जाते. ते नेहमीच खरे नसते, याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडते.

आजार होण्यासाठी आई आणि वडील या दोघांकडूनही सदोष प्रत यावी लागते. एकच सदोष प्रत असलेल्या आईवडिलांची उंची साधारणपणे इतरांसारखीच असते.

हे उत्परिवर्तन इक्वेडोरच्या डोंगरांत कसे पोहोचले?

हेच उत्परिवर्तन इस्रायलमधील मोरोक्कन ज्यू वंशाच्या एका रुग्णात सापडले आणि त्याच्या आजूबाजूचा जनुकीय मजकूरही लोखातील रुग्णांशी जुळला. यावरून दोघांचा पूर्वज समान असावा, असा निष्कर्ष काढला गेला. स्पेनमधून ज्यूंना पंधराव्या शतकाच्या अखेरीस हाकलण्यात आले. धर्मांतर केलेल्या काही कुटुंबांनी दक्षिण अमेरिकेची वाट धरली आणि इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धार्मिक चौकशीच्या, भीतीने दुर्गम भागांत वस्ती केली, अशी ही मांडणी आहे. दुर्गम खेड्यांत आपसांतील नात्यात विवाह होत राहिले, त्यामुळे दोन्ही बाजूंनी सदोष प्रत मिळण्याची शक्यता वाढली.

२०११च्या गाजलेल्या निबंधात काय आढळले?

हा निबंध ‘सायन्स ट्रान्सलेशनल मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. डॉ. गेवारा-अगिरे यांच्याबरोबर अमेरिकेतील जीवशास्त्रज्ञ वाल्टर लाँगो यांचा त्यात प्रमुख सहभाग होता. लारोन सिंड्रोम असलेल्या ९९ व्यक्तींवर बावीस वर्षे लक्ष ठेवण्यात आले होते. त्याआधी दगावलेल्या रुग्णांची माहिती कुटुंबीयांना विचारून गोळा करण्यात आली.

या काळात रुग्णांत मधुमेहाचा एकही रुग्ण आढळला नाही. कर्करोगाचा एक रुग्ण आढळला आणि तो त्यातून वाचला. उंचीने सामान्य असलेल्या नातेवाइकांत मात्र कर्करोगाचे प्रमाण १७ टक्के आणि मधुमेहाचे ५ टक्के होते.

रक्तातील इन्शुलिनचे आकडे तितकेच बोलके आहेत. नातेवाइकांत उपाशीपोटी इन्शुलिन प्रति मिलिलिटर सरासरी ४.४ मायक्रोयुनिट होते, तर रुग्णांत १.४. इन्शुलिनला शरीर किती दाद देत नाही हे मोजणारा ‘होमा’ निर्देशांक नातेवाइकांत ०.९६ आणि रुग्णांत ०.३४ होता, तो जितका कमी तितके चांगले. म्हणजे रुग्णांच्या शरीराला साखर ताळ्यावर ठेवायला एकतृतीयांश इन्शुलिन पुरत होते.

तुलना नातेवाइकांशीच का केली?

दोन्ही गट एकाच घरात, एकाच अन्नावर, एकाच हवेत वाढलेले होते. लोखातील रुग्णांची तुलना कितोतील शहरी माणसांशी केली असती, तर फरक जनुकाचा की राहणीमानाचा हे सांगता आले नसते.

कर्करोग कमी का झाला, याचे कारण सापडले का?

एक संभाव्य कारण प्रयोगशाळेत दिसले. मानवी स्तनाच्या पेशी काही रुग्णांच्या आणि काही नातेवाइकांच्या रक्तद्रवात वाढवण्यात आल्या. मग त्यांवर हायड्रोजन पेरॉक्साइड टाकून डीएनएला मुद्दाम इजा करण्यात आली. रुग्णांच्या रक्तद्रवातील पेशींत डीएनएचे तुकडे कमी पडले. शिवाय ज्या पेशींचे नुकसान झाले, त्यांतील अधिक पेशी स्वतःहून मेल्या.

ही दुसरी गोष्ट पहिल्याइतकीच महत्त्वाची आहे. डीएनए तुटलेली पेशी मेली तर शरीराचे फारसे बिघडत नाही. ती जगून वाढत राहिली तर त्यातून गाठ होण्याचा धोका असतो. आयजीएफ-१ हे पेशींना ‘वाढा आणि टिकून राहा’ असा निरोप देणारे संप्रेरक आहे. तो निरोप मंद झाला की इजा झालेल्या पेशीला जगण्यासाठी मिळणारा आधारही कमी होतो. रुग्णांच्या रक्तद्रवात वाढलेल्या पेशींमध्ये रास, पीकेए आणि टीओआर या वाढीला चालना देणाऱ्या मार्गांची जनुके कमी सक्रिय होती आणि एसओडी-२ हे संरक्षक विकर (एन्झाइम) तयार करणारे जनुक अधिक सक्रिय होते. यीस्ट, कृमी आणि उंदीर यांच्यात हेच बदल दीर्घायुष्याशी जोडले गेले आहेत.

ही माणसे स्थूल असतात असे वाचले. मग मधुमेह कसा होत नाही?

होय, त्यांच्या शरीरात चरबीचे प्रमाण नातेवाइकांपेक्षा जास्त असते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हेच पुन्हा दिसले आणि त्याबरोबर इन्शुलिनला मिळणारा प्रतिसादही अधिक चांगला असल्याचे दिसले. चरबीतून स्रवणारे ॲडिपोनेक्टिन हे उपकारक संप्रेरक त्यांच्यात जास्त होते आणि चरबीतूनच स्रवणारे लेप्टिन हे दुसरे संप्रेरक कमी होते.

याचे मोठे कारण वाढ-संप्रेरकाच्या स्वभावात आहे. उंची वाढवण्याखेरीज हे संप्रेरक इन्शुलिनच्या विरुद्धही काम करते. ते चरबीच्या पेशींतून मेदाम्ले रक्तात सोडते, आणि ती यकृत व स्नायूंपर्यंत पोहोचली की त्यांचा इन्शुलिनला मिळणारा प्रतिसाद मंदावतो. मधुमेह असलेल्या अनेकांची पहाटेची साखर, रात्री काही न खाताही, चढलेली दिसते; त्यामागे रात्रीच्या झोपेत स्रवणाऱ्या वाढ-संप्रेरकाचाही हात असतो. लारोन सिंड्रोममध्ये रिसेप्टरच चालत नाही, म्हणून हा विरोध उरत नाही आणि चरबी आपल्या जागी राहते.

येथे पुण्याचा संदर्भ अपरिहार्य आहे, कारण आपल्याकडचे चित्र याच्या अगदी उलट आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतील ६३१ नवजात बालकांची तुलना इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या ३३८ बालकांशी केली आणि ती २००३ साली प्रसिद्ध केली. आपल्या बालकांचे सरासरी वजन २.७ किलो, तर तिकडच्या बालकांचे ३.५ किलो होते. पण वजनाच्या मानाने आपल्या बाळांत स्नायू कमी आणि चरबी बरीचशी टिकून होती. पुढच्या वर्षी डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचेच उदाहरण ‘द लॅन्सेट’मध्ये दिले: दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन दाखवणारा निर्देशांक) तंतोतंत २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के.

लोखातील स्थूल माणसाला मधुमेह होत नाही आणि पुण्याच्या सडपातळ माणसाला होतो. दोन्ही अभ्यास शेजारी ठेवले की वजनकाट्यावरचा आकडा किती अपुरा आहे ते कळते. ‘आमच्या घरात कोणी जाड नाही, मग साखर कशी?’ असा प्रश्न आपल्याकडे दवाखान्यात रोज विचारला जातो. चरबी किती आहे याबरोबरच ती कोठे आहे, स्नायू किती आहेत आणि संप्रेरके त्या चरबीला काय करायला लावत आहेत, यावर उत्तर अवलंबून असते.

मग ही माणसे शंभर वर्षे जगतात का?

नाही. बातम्यांनी सर्वांत मोठी दिशाभूल येथे केली. वाढ-संप्रेरकाचा रिसेप्टर काढून टाकलेले उंदीर इतर उंदरांपेक्षा स्पष्टपणे जास्त जगतात. अमेरिकेतील ओहायो विद्यापीठात जॉन कॉप्चिक यांच्या गटाने असे उंदीर १९९७ साली तयार केले होते. लोखातील माणसांबाबत मात्र आयुर्मान वाढल्याचे दिसलेले नाही. अपघात, मद्यपान आणि आकडीचे झटके यांसारख्या कारणांनी होणाऱ्या मृत्यूंचा त्यांच्यात मोठा वाटा होता. लहानपणी रक्तातील साखर अचानक उतरण्याचा धोकाही या मुलांना असतो.

ज्या समाजात दरवाजाच्या कडीपासून बसच्या पायरीपर्यंत सर्व काही इतरांच्या उंचीनुसार बांधलेले आहे, तेथे या माणसांना कामधंदा मिळणे आणि मानाने वागवले जाणे कठीण असते. त्यांच्या आयुर्मानाचा विचार करताना हेही मोजले गेले पाहिजे.

हृदयविकाराचे काय?

यावर बराच काळ अनिश्चितता होती, कारण त्यांच्यात कोलेस्टेरॉल जास्त आढळते. २०२४ साली ‘मेड’ या नियतकालिकात त्याच गटाचा अभ्यास आला. रुग्ण आणि नातेवाईक मिळून ५१ जणांची तपासणी झाली. रुग्णांत एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, जास्त होते, तरीही मानेच्या रक्तवाहिनीत थर साचलेल्यांचे प्रमाण त्यांच्यात ७ टक्के, तर नातेवाइकांत ३६ टक्के होते. गट लहान आहे, त्यामुळे हे आकडे दिशा दाखवणारे म्हणून घ्यावेत.

या संशोधनावर कोणते आक्षेप घेतले जातात?

पहिला आक्षेप संख्येचा. शंभराच्या आसपास माणसांत कर्करोगाचे दोन-तीन रुग्ण अधिक निघाले असते तरी चित्र बरेच बदलले असते. दुसरा असा की पूर्वी दगावलेल्यांची कारणे कुटुंबीयांच्या आठवणींवर अवलंबून होती, आणि दुर्गम खेड्यात निदान न होताच माणूस जाणे शक्य असते. तिसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो: उंची कमी म्हणजे शरीरातील पेशींची एकूण संख्याही कमी, आणि पेशी कमी असतील तर त्यांतील एखादी बिघडण्याची शक्यताही कमी. उंच माणसांत काही कर्करोगांचे प्रमाण किंचित जास्त असते, हे मोठ्या लोकसंख्येच्या अभ्यासांतून दिसले आहे. तेव्हा संरक्षण आयजीएफ-१च्या कमतरतेमुळे किती आणि लहान शरीरामुळे किती, हे या अभ्यासातून पूर्णपणे वेगळे काढता येत नाही.

इतर देशांतील रुग्णांतही असेच दिसले आहे का?

कर्करोगाबाबत होय. लारोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली जन्मजात आयजीएफ-१ची कमतरता असलेल्या ५३८ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांतील २३० जणांना लारोन सिंड्रोम होता आणि त्यांच्यापैकी एकालाही कर्करोग झाल्याची नोंद नव्हती. मधुमेहाबाबत मात्र चित्र इतके एकसारखे नाही. इस्रायलमधील काही रुग्णांना पुढे मधुमेह झालेला आहे. म्हणून ‘लारोन सिंड्रोम म्हणजे मधुमेहापासून कायमची सुटका’ असे विधान सरसकट करता येत नाही.

मला मधुमेह आहे. मला कर्करोगाचा धोका जास्त आहे का?

काही कर्करोगांचा धोका जास्त असतो. अमेरिकन डायबिटीस असोसिएशन आणि अमेरिकन कॅन्सर सोसायटी यांनी २०१० साली संयुक्त निवेदन प्रसिद्ध केले. त्यानुसार टाइप-२ मधुमेह असलेल्यांत यकृत, स्वादुपिंड आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका सुमारे दुप्पट किंवा त्याहून अधिक, तर मोठे आतडे, स्तन आणि मूत्राशय यांच्या कर्करोगाचा धोका काहीसा वाढलेला आढळतो. प्रोस्टेटच्या कर्करोगाचा धोका मात्र कमी आढळतो.

याचा अर्थ मधुमेह झाला की कर्करोग होणारच, असा नाही. वाढलेले वजन, वाढते वय, धूम्रपान, मद्यपान आणि बैठी जीवनशैली ही कारणे दोन्ही आजारांत समान आहेत. मधुमेह असलेल्या स्त्रीला रजोनिवृत्तीनंतर रक्तस्राव झाला, किंवा साठीच्या पुढच्या माणसाला वजन घटत असताना अचानक मधुमेह निघाला, तर ‘साखरेमुळे असेल’ म्हणून थांबू नये. गर्भाशय आणि स्वादुपिंड यांची तपासणी डॉक्टरांशी बोलून वेळेत करून घ्यावी.

जनुकांच्या पातळीवर हे दोन आजार नेहमी हातात हात घालूनच चालतात का?

नाही, आणि प्रोस्टेटचे उदाहरण त्यासाठीच लक्षात ठेवावे. आइसलँडमधील संशोधकांनी २००७ साली ‘नेचर जेनेटिक्स’मध्ये दाखवले की सतराव्या गुणसूत्रावरील एचएनएफ-१बी या जनुकाचे एक रूप प्रोस्टेटच्या कर्करोगाचा धोका वाढवते आणि तेच रूप टाइप-२ मधुमेहापासून थोडे संरक्षण देते. शरीरातील एकच कळ एका आजारासाठी चालू आणि दुसऱ्यासाठी बंद ठरू शकते.

इन्शुलिनही पेशींच्या वाढीला चालना देत असेल, तर त्याच्या इंजेक्शनांनी कर्करोग होईल का?

ही भीती २००९ साली ग्लार्जिन या दीर्घकाळ काम करणाऱ्या इन्शुलिनविषयीच्या काही निरीक्षणांमुळे जगभर पसरली होती. तिचे सर्वांत भक्कम उत्तर २०१२ साली ‘ओरिजिन’ या चाचणीने दिले. त्यात १२,५३७ जण सहभागी होते, त्यांपैकी निम्म्यांना ग्लार्जिन देण्यात आले आणि त्यांचा सहा वर्षांहून अधिक काळ मागोवा घेण्यात आला. कर्करोगाच्या प्रमाणात फरक आढळला नाही. या भीतीपोटी इन्शुलिन पुढे ढकलणारी माणसे आपल्याकडे आजही भेटतात, आणि त्या दिरंगाईची किंमत डोळे, मूत्रपिंडे आणि पाय यांना मोजावी लागते. डॉक्टरांनी सांगितलेले इन्शुलिन या कारणाने थांबवू नये.

मेटफॉर्मिन घेतल्याने कर्करोग टळतो असे ऐकले आहे. खरे आहे का?

स्कॉटलंडमधील नोंदींवरून २००५ साली तशी शक्यता पुढे आली आणि आशा खूप वाढली. पण प्रत्यक्ष चाचण्यांनी ती पूर्ण केलेली नाही. स्तनाचा कर्करोग असलेल्या, पण मधुमेह नसलेल्या ३,६४९ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. मेटफॉर्मिनमुळे आजार परतण्यात लक्षणीय फरक पडला नाही. मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे उत्तम औषध आहे आणि ते त्यासाठीच घ्यावे. दीर्घकाळ घेत असाल तर बी-१२ जीवनसत्त्वाची तपासणी अधूनमधून करून घ्यावी. शाकाहारी माणसांनी तर नक्कीच.

आयजीएफ-१ कमी करण्यासाठी उपवास करावेत का?

लाँगो यांनी उपवासासारखा परिणाम देणाऱ्या अल्पकालीन आहाराचा पुरस्कार केला आहे आणि लहान चाचण्यांत आयजीएफ-१ घटल्याचे दिसले आहे. अशा आहाराची पाकिटे विकणारी कंपनी त्यांनीच स्थापन केली आहे, हे वाचकाला माहीत असावे. आयजीएफ-१ तात्पुरते घटणे आणि कर्करोग टळणे यांत मोठे अंतर आहे, आणि ते अंतर अजून कोणी पार केलेले नाही.

इन्शुलिन किंवा मधुमेहावरील ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना न विचारता उपवास केल्यास साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. चातुर्मासातील उपवासालाही हे लागू आहे. साबुदाण्याची खिचडी, बटाटा आणि रताळे यांवर केलेल्या उपवासात उलट साखर चढते.

तरुण राहण्यासाठी वाढ-संप्रेरकाची इंजेक्शने घ्यावीत का?

निरोगी प्रौढाने घेऊ नयेत. लोखाच्या अभ्यासाचा निष्कर्ष नेमका उलट दिशेने बोट दाखवतो. पियुषिकेतील गाठीमुळे वाढ-संप्रेरक अति प्रमाणात स्रवते तेव्हा ॲक्रोमेगॅली हा हातपाय आणि चेहरा मोठा होत जाणारा आजार होतो, आणि त्या रुग्णांत मधुमेह व मोठ्या आतड्यातील पॉलिप, म्हणजे अस्तरावरच्या लहान गाठी, यांचे प्रमाण जास्त असते. व्यायामशाळांतून अशी इंजेक्शने सुचवली जातात, ही चिंतेची गोष्ट आहे. मुलांतील खऱ्या कमतरतेचा उपचार ही वेगळी बाब आहे; तेथे डोस कमतरता भरून काढण्यापुरता असतो आणि बालसंप्रेरकतज्ज्ञ त्यावर लक्ष ठेवतात. तो उपचार या लेखामुळे थांबवू नये.

या संशोधनाचा लोखातील मुलांना काय लाभ झाला?

लारोन सिंड्रोममध्ये वाढ-संप्रेरक देऊन उपयोग नसतो. थेट आयजीएफ-१ द्यावे लागते. इक्वेडोरमधील मुलांवर १९९०च्या दशकात त्याची चाचणी झाली आणि उंची वाढण्याचा वेग सुधारला. मेकासर्मिन या नावाने हे औषध २००५ साली अमेरिकेत मंजूर झाले. ते अतिशय महाग आहे, वाढीच्या वयातच द्यावे लागते आणि त्याने साखर उतरू शकते. १९९० साली ज्यांच्यावर निबंध लिहिला गेला, त्यांतील कित्येकांचे वाढीचे वय हे औषध बाजारात येण्यापूर्वीच संपलेले होते. या माणसांनी रक्त, वेळ आणि कुटुंबाचा इतिहास दिला, त्यातून जगाला मधुमेह आणि कर्करोगाविषयी शिकायला मिळाले, आणि औषध मात्र त्यांच्या आवाक्याबाहेर राहिले. हा हिशेब चुकता झालेला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

महाराष्ट्रात असे रुग्ण आहेत का, आणि मुलाची उंची वाढत नसेल तर काय करावे?

लारोन सिंड्रोमचे रुग्ण भारतातही आढळले आहेत, पण ते फार दुर्मीळ आहेत. पश्चिम भारतात तुलनेने अधिक दिसणारा दोष वेगळ्या जनुकात आहे. वाढ-संप्रेरक सोडण्याचा आदेश स्वीकारणाऱ्या रिसेप्टरच्या जनुकातील हे उत्परिवर्तन येथील अनेक कुटुंबांत सापडले असून पाकिस्तानातील सिंध प्रांतातील ठेंगण्या व्यक्तींतही तेच आहे. त्या मुलांत वाढ-संप्रेरक तयारच होत नाही, त्यामुळे ते इंजेक्शनाने दिल्यास त्यांची उंची चांगली वाढते. म्हणून दोन्ही अवस्थांतील फरक ओळखणे महत्त्वाचे आहे.

मुलाची उंची दर सहा महिन्यांनी मोजून लिहून ठेवावी. चौथ्या वर्षानंतर वर्षाला चार सेंटिमीटरपेक्षा कमी वाढ होत असेल, किंवा वर्गातील सर्व मुलांपेक्षा ते सातत्याने बरेच मागे पडत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना वाढीचा तक्ता दाखवावा. कुपोषण, थायरॉइडची कमतरता, सिलिॲक आजार (गव्हातील ग्लुटेन न सोसणे) आणि मुलींमधील टर्नर सिंड्रोम (एक्स गुणसूत्रातील दोष) ही कारणे आधी तपासली जातात, कारण ती अधिक आढळतात. जवळच्या नात्यातील विवाहातून झालेल्या मुलांत अशी अडचण असेल, तर जनुकीय समुपदेशकांचा सल्ला पुढच्या गर्भारपणाआधीच घ्यावा.